नव्वद सेंटिमीटरची सुई

मला किळस पटकन येत नाही. सव्वीस वर्षं मी रानात काढली आहेत. शेणामुतात बसून डबा खाल्ला, मेलेल्या म्हशीच्या शेजारी तिवई रोवून मोजणी केली, मानेवरच्या गोचिड्या नखाने काढत नकाशे काढले. घाण कशाला म्हणतात ते मला बरं कळतं. म्हणूनच सांगते, दसऱ्यानंतरच्या त्या सोमवारी नागपुरातल्या गारेगार सभागृहात, अत्तर मारलेल्या माणसांमध्ये, गळ्यात निशिगंधाचा हार घालून बसले असताना मला जे मळमळून आलं, ते खाण्यातलं नव्हतं.

समारंभ माझाच होता. म्हणजे माझ्या सूचीचा. विदर्भातली मातीची वर्तुळं, एकूण एक हजार नऊशे चौदा. प्रत्येकाचा नकाशा, घेर, उंची आणि वय. आमचे संचालक डॉ. शार्दूल खानझोडे बोलत होते. हा शार्दूल माझ्याच हाताखाली मोजणी शिकला. तेव्हा त्याला उत्तर दिशा कुठे ते बोट धरून दाखवावं लागायचं. आता तो दर चार वाक्यांनी सुगंधी ओल्या कागदाने बोटं पुसतो आणि 'वारसा' हा शब्द असा चघळून म्हणतो की ऐकणाऱ्याने चूळ भरावी.

भाषण संपवून तो खाली आला आणि माझ्यापुढे टॅब धरला. "निखाडेताई, वगळायची शेवटची यादी. अंगठा द्या, म्हणजे पाहुण्यांच्या हातून प्रकाशन करून टाकू."

असे अंगठे मी दोन वर्षं देत होते. आकडे येत, मी अंगठा देत असे. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता म्हणून नजर गेली, एवढंच. क्रमांक तेराशे सत्त्याहत्तर. गोठाणझरी. आधुनिक भराव. वगळावे.

गोठाणझरी म्हणजे डोमाजीचं गाव. डोमाजी नेवारे बावीस वर्षं माझ्याबरोबर मोजणीची दांडी धरून उभा होता. त्याच्या गावच्या आखरावर बसून मी कितीदा भाकर खाल्ली असेल. आखर म्हणजे गावची गुरं सकाळी जिथे गोळा होतात ती जागा. त्यांच्या आखराला मातीचा गोल बांध आहे, दीड पुरुष उंचीचा, आणि तो जुना आहे हे आंधळ्यानेही सांगितलं असतं.

"हे उद्या बघते," मी म्हटलं.

"ताई, पाहुणे थांबलेत."

"थांबू दे. समोसे आहेत ना."

आता आमची विद्या थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दगडांची शिलावर्तुळं लोकांना ठाऊक असतात, कारण दगड दिसतो. मातीची वर्तुळं कुणाला दिसत नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वी गुरं पाळणाऱ्या माणसांनी घातलेले हे बांध झिजून झिजून ढोपराएवढे उरलेले असतात, वर सागवान वाढलेलं. मग ड्रोन आले. ड्रोन वरून लेझरचे लाखो किरण सोडतो. बहुतेक पानांवर आपटून परततात, थोडे फटींतून जमिनीला पोचतात. पानांवरचे संगणकाने वजा केले की उघडी जमीन दिसते, आणि तिच्यावर वर्तुळं उमटतात, ओला पेला ठेवल्यावर टेबलावर उमटतात तशी. पहिला नकाशा पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले होते.

पण वर्तुळ दिसलं म्हणजे ते जुनं असं नाही. शेततळ्याचा बांधही गोल असतो. त्यासाठी दुसरं यंत्र, कणघड्याळ. गारगोटीचा बारीक कण मातीखाली अंधारात असला की भोवतालच्या जमिनीतला मंद किरणोत्सार त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा साठवत जातो. ऊन लागलं की तो साठा काही मिनिटांत रिकामा. म्हणजे कणाला शेवटचं ऊन कधी लागलं याचा हिशेब तो कण स्वतःच ठेवतो. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा फिकट उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. ती मोजली की वय कळतं. फार जुना, कोट्यवधी वर्षं अंधारात पडलेला कण असला तर साठा काठोकाठ भरतो आणि घड्याळ आकडा द्यायचं सोडून देतं. पूर्वी हे काम काळ्या कापडाखाली नमुने काढून प्रयोगशाळेत चाले, महिनेच्या महिने. आता हातगाडीएवढं यंत्र बांधात पोकळ सुई खुपसतं आणि अकरा मिनिटांत थराथराचं वय सांगतं.

सुई किती खोल घालायची हे मी ठरवलं होतं. लांब सुया मुरमात वाकत, वेळ खात. आम्ही तपासलेले पहिले दोनशे बांध सगळे झिजलेले, बुटके. मी नियमावलीत लिहिलं: नव्वद सेंटिमीटर पुरेसं आहे. त्यात पाचशे वर्षांहून जुनी माती लागली नाही तर बांध आधुनिक समजून वगळावा. वगळला की त्याला कायद्याचं संरक्षण नाही. जमीन ज्याची, त्याने हवं ते करावं. गोठाणझरीच्या बाजूला खाण आहे, आणि खाणीला वरची माती टाकायला जागा लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी भांडाराच्या कोपऱ्यातून चाचणीच्या वेळची तीन मीटरची सुई काढली, गंजलेली, एका टोकाला किंचित वाकलेली. यंत्र जीपमध्ये घातलं आणि गोठाणझरीला निघाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

डोमाजी आखरावरच होता. गुडघे गेले म्हणून त्याने काम सोडलं, पण पाठ अजून दांडीसारखी ताठ. मला पाहून त्याने धोतराला हात पुसले.

"बाई, या. किती वाळल्या तुमी."

आखर पाहून मी चाट पडले. बांध कसा तुकतुकीत, कडेने गेरूचा पट्टा, माथ्यावर नवी कोरी माती.

"डोमाजी, हे काय केलंत?"

"तुमीच म्हणाल्या होत्या ना, मशीन येनार हाय तं आखर जरा नीट दिसला पायजे. मंग आमी गावानं सहा ट्रॅक्टर माती टाकली. बायांनी सारवून काढला पुरा. पाहुनं येते तं घर सारवतोच ना जी."

मी तसं म्हणाले होते, खरंच. फोनवर. तण काढा एवढ्याच अर्थाने. मोजणीवाल्या माणसाने 'नीट' म्हणावं आणि गावाने 'सुंदर' ऐकावं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आणि एरवी? एरवी कुणी माती टाकतं का बांधावर?"

तो हसला. "बावीस साल माझ्या घरी भाकर खाल्ली अन् हे मालूम नाही का तुमाले? गायगोधनाच्या दिवशी घरटी एक टोपली. आपल्या गोठ्यातली माती, बांधावर. नाही टाकली तं गाय दूध चोरते म्हन्ते. माझा बुढा टाके, त्याचा बुढा टाके."

मला माहीत नव्हतं. गायगोधनाला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, मी नेहमी नागपुरात घरी असे, फराळ करत.

आम्ही दोघांनी सुई घातली. यंत्राच्या हाताला ती पेलेना म्हणून डोमाजीने घण मारला आणि मी सुई धरली. अकरा मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं गेली. आकडे वरून खाली उमटत गेले. माथ्यावर शून्य. नव्वद सेंटिमीटरला दोनशे सत्तर वर्षं. दीड मीटरला नऊशे. तळाला दोन हजार आठशे चाळीस.

पण मी पुन्हा पुन्हा वाचला तो तळाचा आकडा नव्हे. मेलेल्या बांधात आकडे उडी मारतात: वर पन्नास वर्षांची धूळ, तिच्याखाली एकदम अडीच हजार. इथे उडी नव्हती. आकडा पायरी पायरीने उतरत होता, कुठेही फट न पडता.

"म्हंजे आमच्या बुढ्यांनी एक बी साल चुकवलं नाही?" डोमाजीने विचारलं.

"एकेक वर्ष यंत्राला दिसत नाही. पन्नास वर्षांचा खंड असता तर दिसला असता. तेवढा नाही."

"अठ्ठावीसशे साल," तो म्हणाला, आणि बांधाला हात लावून तो हात त्याने कपाळाला लावला.

मी मात्र तिथेच शेणात बसले. बांधाची माती पावसाने वाहून जाते आणि लोक ती दरसाल भरून काढतात. मेलेला बांध झिजतो, जिवंत बांध उंच होतो. त्याचं म्हातारपण नव्या मातीखाली जात राहतं, आणि माझी सुई नव्वद सेंटिमीटरची. जे टाकून दिलेलं, विसरलेलं, ते माझ्या सूचीत प्राचीन. जे तीन हजार वर्षं लोकांनी सांभाळलं, ते आधुनिक भराव. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तसं हे झालं होतं, आणि कुंपण मी होते.

मग डोक्यात दुसरी गोष्ट आली. मी टॅब उघडला. वगळलेले एकूण दोनशे अकरा. शेरा या रकान्यात सर्वेक्षकांनी जे लिहिलेलं असतं ते मी कधी वाचलं नव्हतं. आता वाचू लागले. शेततळं. वीटभट्टी. शेततळं. वापरात, गुरं बसतात. वीटभट्टी. वापरात. वापरात. देवाचं, वापरात. असे 'वापरात' चव्वेचाळीस निघाले. त्यातले एकतीस बांध आतापर्यंत सपाट झालेले. बारा रांगेत उभे. चव्वेचाळिसावा माझ्या बुडाखाली.

मी पळसामागे जाऊन ओकले. डोमाजीने पाण्याची कळशी आणून दिली. त्याला वाटलं ऊन लागलं असेल.

त्याच दुपारी मी शार्दूलच्या खोलीत गेले. कपड्यांना शेण लागलेलं होतं. त्याने नाकाजवळ तो सुगंधी कागद धरला आणि मी त्याच्या पांढऱ्या सोफ्यावर मुद्दाम ऐसपैस बसले. आकडे टेबलावर टाकले.

त्याने ते पाहिलेच नाहीत. तिथेच मी ओळखलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"ताई, गेल्या वर्षी दोन ठिकाणी लांब सुई घालून पाहिली होती. असेच आकडे आले. पण ती चाचणी नियमाप्रमाणे नव्हती. नियम नव्वदचा आहे. आणि नियम तुमचा आहे."

"आणि तू गप्प बसलास."

"सूची बाहेर यायची होती. लोकांनी पंधरा वर्षं तुमची चेष्टा केली, आठवतं? मातीच्या ढिगाऱ्यांची बाई म्हणायचे. आज तुमच्या सूचीवर अभ्यासक्रम तयार होतायत. एका सुईसाठी सगळ्यावर संशय ओढवून घ्यायचा?" तो पुढे झुकला. आवाज मऊ केला. या माणसाचा मऊ आवाज म्हणजे शिळ्या दुधावरची साय. "गोठाणझरी मी सोडवतो. विशेष बाब म्हणून. आत्ता, तुमच्यासमोर. नोंद प्राचीन करू, खाणवाले दुसरी जागा बघतील. तुम्ही फक्त नियमाला हात लावू नका. एकतीस तर गेलेच आहेत. ते उकरून काय मिळणार?"

"आणि बारा?"

"बारांचं काय ते पुढे बघू."

पुढे बघू म्हणजे काय ते मला कळत होतं. बोलले असते तर कायद्याने सगळ्या वगळलेल्या नोंदी फेरतपासणीपर्यंत थांबल्या असत्या, बाराच्या बारा वाचले असते. पण मग माझ्या नावापुढे काय लिहिलं गेलं असतं तेही कळत होतं. सव्वीस वर्षं. गुडघे, पाठ, मोडलेला संसार, सगळं या सूचीत घातलं होतं मी. खिडकीबाहेर माळी हिरवळीला पाणी घालत होता.

मग मी अंगठा दिला. गोठाणझरी प्राचीन झालं.

शार्दूलने मला दारापर्यंत सोडलं आणि नमस्कारासाठी वाकला. त्याने पायांना हात लावला तेव्हा माझे पाय मलाच नकोसे झाले. घरी येऊन दोनदा आंघोळ केली. शेण केव्हाच निघून गेलं होतं.

शनिवारी सकाळी डोमाजी माझ्या दारात उभा. गावाहून दोन बस बदलून आला होता. हातात मडकं, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. "दही हाय. गावानं पाठवलं. आखर वाचवला म्हून."

मी त्याला बसवलं, चहा टाकला. मडकं टेबलावर ठेवलं. कवडी दही होतं, वर जाड साय. चमचाभर खायला हवं होतं आणि मला घास घेववेना.

डोमाजी खुशीत होता. बशीत चहा ओतून बोलत होता. "पोरं म्हने, मशीन खोटी हाय. मी म्हटलं चूप बसा बे. बाईनं अजून डोळ्यानं पाह्यलं नाही, पाह्यल्यावर मंग बोला. अन् तसंच झालं." त्याने घोट घेतला. "माझी बहीन हाय ना, पार्बता, पिंपळमुंडीले देली ती. तिच्या गावचा आखर गेला मांगच्या साली. त्याच्यावर आता खानीचा ढिगारा हाय, टेकडीएवढा. तवा तिनं मले फोन केला होता, लय रडली. म्हने, दादा, तुया बाईले सांग ना. म्या तिले म्हटलं, पार्बते, रडू नोको. माझ्या बाईनं पाह्यलं असंल तं बराबरच असंल. तुमचा जुना नसंल."

पिंपळमुंडी. क्रमांक सहाशे बारा. वापरात. यादीत वाचला होता.

तो बशी फुंकत होता. मला गप्प राहता आलं असतं. एवढंच करायचं होतं, दह्याचा एक चमचा तोंडात घालायचा आणि गोड आहे म्हणायचं. चार दिवस मी तेच तर करत होते.

"डोमाजी," मी म्हटलं, "मी पाहिलं नव्हतं."

"काय?"

"पिंपळमुंडी. मी गेलेच नव्हते. आकडा आला आणि मी इथे बसून अंगठा दिला. तुमच्यासारखाच आखर असणार तो. तसे एकतीस गेलेत, माझ्या अंगठ्याने. अजून बारा जातील. तुमचा वाचला तो मी बाकीच्यांबद्दल तोंड बंद ठेवलं म्हणून वाचला."

त्याला समजायला वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं, सुई, नव्वद सेंटिमीटर, सगळं. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बशी टेबलावर ठेवली, अर्धा चहा तसाच. उठला.

"म्या माझ्या बहिनीले तुमचं नाव घेऊन चूप केलं, बाई," तो म्हणाला. चपला घालताना त्याने भिंतीला हात टेकला, मी आधार द्यायला गेले तर त्याने हात काढून घेतला. मडकं राहिलं.

मी त्या दह्याकडे बघत तासभर बसले असेन. नंतर टॅब ओढला.

सूचीची एक गोष्ट चांगली होती, आणि तीही मीच ठरवलेली. सूचीकाराने अंगठा देऊन केलेली नोंद त्याच क्षणी सगळ्या जगाला दिसते आणि पुसता येत नाही. नाहीतर कुणीही दडपेल, असं मी तेव्हा म्हणाले होते. दुसऱ्यांबद्दल.

मी आधी नियम रद्द केला. कारण लिहिलं. गोठाणझरीच्या लांब सुईचे आकडे जोडले, शार्दूलच्या दोन चाचण्यांचा उल्लेख तारखेविना केला, कारण तारीख त्याने मला सांगितली नव्हती. मग एकेक नोंद उघडली. एकतीस वेळा तेच लिहिलं: प्राचीन असण्याची दाट शक्यता. नष्ट. कारण, सूचीकाराने जागा न पाहता दिलेला अंगठा. सूचीकार, सुलभा निखाडे. दहाव्या नोंदीनंतर बोट दुखायला लागलं. नकाशावर ठिपके करड्याचे तांबडे होत गेले. एकतीस ठिपके एकदम पाहिले तर ते कुणी थुंकल्यासारखे दिसतात.

शार्दूलचा फोन विसाव्या नोंदीला आला. मी उचलला.

"ताई, थांबा. तुम्ही स्वतःचं वाटोळं करताय."

"तुझंही होतंय. तेवढं तरी समाधान घेऊ दे," म्हणून मी ठेवला.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं, त्यामुळे लांबवत नाही. वगळण्यावर स्थगिती आली. बारा आखर उभे आहेत, तेरावा गोठाणझरीचा. मला निलंबित केलं, सूचीवरून नाव काढलं, जे लोक माझ्या सूचीवर अभ्यासक्रम बांधत होते त्यांना ती कधीपासूनच संशयास्पद वाटत होती असं निघालं. शार्दूलने चौकशी समितीपुढे सांगितलं की आपण वारंवार सावध केलं होतं. तो सध्या दुसऱ्या एका वारशाचा संचालक आहे. सुगंधी कागदाचं पाकीट त्याच्या फोटोतही दिसतं.

डोमाजीचा फोन आला नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

दिवाळीच्या दोन दिवस आधी निरोप आला, तोही त्याच्या गावच्या बसवाल्याकडून. पाडव्याला यावं. टोपली आणावी. माती पिंपळमुंडीची.

मी पिंपळमुंडीला गेले. नकाशावर जिथे सहाशे बारा होता तिथे एक टेकडी आहे. खाणीतून उपसलेली करडी, तेलकट माती, गंधकासारखा वास. पायथ्याशी काळं पाणी साचलेलं. आखर कुठेतरी त्याच्या पोटात, चाळीस मीटर खाली. गोठ्याची माती आणायची ही रीत, आणि इथे गोठाच शिल्लक नव्हता. घरंसुद्धा उठवून दुसरीकडे बसवलेली. मी टेकडीच्या कडेला खड्डा खणला आणि आतली माती काढली. काढताना डोक्यावरून काळं फडकं ओढून घेतलं, टोपलीही त्यातच झाकली. सवयच आहे ती. नमुन्याला ऊन लागू द्यायचं नाही.

पाडव्याला गोठाणझरीत गेले तेव्हा गाई रंगवून आखरात उभ्या होत्या, शिंगांना झेंडू. डफडं वाजत होतं. बाया एकेक करून बांधावर चढत, टोपली रिकामी करत आणि उतरत. मी खालीच उभी राहिले. माझ्याशी कुणी बोललं नाही, कुणी हाकललंही नाही.

डोमाजी आला. शेजारी एक म्हातारी, त्याच्यासारखंच नाक. पार्बताबाई. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग टोपलीवरचं फडकं जरा उचललं. आतली माती चिमटीत घेऊन हुंगली. तिचं तोंड वाकडं झालं.

"घान वास येते," ती भावाला म्हणाली.

"तितं आता हेच हाय," डोमाजी म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "चढा, बाई. वता."

मी चढले. पाय घसरला तेव्हा यावेळी त्याने हात दिला. फडक्याखालूनच मी माती ओतली, आणि उजेड पोचायच्या आत पार्बताबाईने वर आपली टोपली उपडी केली, भावाच्या गोठ्यातली ताजी, शेणाची. मग दोन्ही हातांनी थापून टाकली. ती खाली उतरली आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

टेकडीची ती माती कोट्यवधी वर्षांच्या खोलीतून आलेली आहे. तिच्यातले कण काठोकाठ भरलेले आहेत. पुढे कधी कुणी लांब सुई घालून हा बांध वाचला, तर अठ्ठावीसशे वर्षांच्या पायऱ्या उतरताना एका ठिकाणी घड्याळ अडेल. एक टोपलीभर माती वय सांगणार नाही. यंत्र तिला दोष म्हणेल आणि सूचीकार ती वगळायला बघेल. सूचीत लिहायचा अधिकार मला आता नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. ती पिंपळमुंडीची आहे. क्रमांक सहाशे बारा.